नवल आप्पांचा जडवाद आणि मोगरीचं शिंगरू

रनाळ्यात देव न मानणारी माणसं शोधायला निघालात तर दोन-चार सापडतील. पण देव न मानता प्रत्येक भंडाऱ्याला पहिल्या पंगतीत बसणारा माणूस एकच, नवल आप्पा. कोणी टोकलंच तर ते द्रोण न ठेवता सांगतात की नमस्कार ही कल्पना आहे आणि शिरा हा पदार्थ आहे. आपला विश्वास पदार्थावर. मग पदार्थावरचा विश्वास आणखी थोडा वाढून मागतात.

आप्पा उंच, वाळके, टोपी सरळ आणि मिशी जरा तिरकी. शेती बापजाद्यांची, ती आता मुलगा नवनीत नंदुरबारहून येऊन-जाऊन बघतो. आप्पांनी स्वतः मात्र उभा जन्म गावच्या पाणीपुरवठ्याच्या पंपावर ऑपरेटर म्हणून काढला. त्यांचं तत्त्वज्ञान तिथंच पिकलं. इतकी वर्षं पंप चालवून त्यांना एवढं कळलं होतं की जे पाइपात गेलं नाही ते नळाला येत नाही. नळाला पाणी आलं नाही की गाव म्हणायचं, नशीब. आप्पा पान्हा घेऊन जायचे आणि नशिबाचा वायसर बदलून यायचे.

निवृत्तीनंतर त्यांना नंदुरबारच्या एका रद्दीवाल्याकडे एक जाडजूड मराठी पुस्तक मिळालं. त्याला पुठ्ठा नव्हता, पहिली पानं नव्हती, त्यामुळे पुस्तकाचं नाव काय आणि ते लिहिलं कोणी, हे आजतागायत कळलेलं नाही. कौसाबाईंनी, म्हणजे आप्पांच्या मंडळींनी, एकदा विचारलं की हे लिहिणारा कोण. आप्पा म्हणाले, लिहिणारा कुठं दिसत नाही, तरी पुस्तक आहे. जगाचंही तसंच आहे. त्यावर कौसाबाईंनी, जेवणाचं ताटही आज तसंच आपोआप येईल, एवढंच सांगितलं आणि त्या शेजारी पापड लाटायला निघून गेल्या.

त्या पुस्तकात प्राणी कसे घडले याचा विचार करणाऱ्या जुन्या जडवाद्यांच्या हकिकती होत्या. जडवादी म्हणजे, आप्पांच्या भाषेत, 'पाइपाबाहेर काही नाही' असं मानणारे. आप्पा ग्रामपंचायतीसमोरच्या ओट्यावर बसून त्या हकिकती अशा सांगत, की ही माणसं कालच्या एसटीने शहाद्याला उतरून गेली असावीत. एक जुना ग्रीक होता. तो म्हणायचा, सुरुवातीला नुसती मुंडकी, नुसते हात, नुसते पाय सुटे सुटे हिंडत होते. ते वाटेल तसे एकमेकांना चिकटले. बैलाचं तोंड माणसाच्या धडाला लागलं, ते जगलं नाही. ज्यांची जोडणी नीट बसली ते उरले. ओट्यावरच्या धुडकू तात्यांना हे फार पटलं. त्यांच्या मते काही चुकीच्या जोडण्याही उरल्या असून त्या तालुक्याच्या राजकारणात आहेत.

मग आपल्याकडचे लोकायतवाले. ते सांगत की नुसत्या फुलात नशा नाही, नुसत्या पाण्यात नशा नाही. दोन्ही एकत्र सडू दिली की नशा येते. तसं माती, पाणी, उष्णता, वारा यांचं शरीर झालं की त्यात जाणीव उगवते, बाहेरून कोणी आणून ओतत नाही. नंदुरबार जिल्ह्यात मोहाची फुलं माहीत नाहीत असा माणूस नाही, त्यामुळे हा सिद्धांत ओट्याला एका दमात समजला. काहींनी तर तो पूर्वीच तपासून पाहिला होता.

मग आला तो फ्रान्समधला डॉक्टर. त्याला ताप भरला, आणि अंग ढिलं पडलं तसं डोकंही ढिलं पडतंय हे त्याच्या लक्षात आलं. म्हणजे विचार हेही शरीराचंच काम. माणूस हे एक यंत्र आहे असं त्यानं लिहिलं आणि त्याला दोन देशांतून पळावं लागलं. शेवटी आपणच बऱ्या केलेल्या रोग्याच्या मेजवानीत भरपेट खाल्लं आणि त्यातच गेला. आप्पांचे डोळे इथं किंचित ओले होत. पंप जळाला तरी चालेल, पण असा भरलेला जळावा, असं त्यांचं मत.

या सगळ्यांत आप्पांचा लाडका मात्र पॅरिसचा एक म्हातारा प्राध्यापक. गडी पन्नाशीला आला तेव्हा त्याला किडे आणि अळ्या यांचा विभाग दिला, कारण तो कोणालाच नको होता. त्यानं त्या अळ्यांतून सगळ्या प्राण्यांची वंशावळ मांडायला घेतली. देवानं सुरुवात करून दिली असेल तर असो, तो म्हणाला, पुढचं पदार्थ आपलं आपण बघतो. शरीरात उष्णता आहे, पातळ द्रव वाहताहेत; प्राण्याला गरज पडते, तो जो अवयव वापरतो तिकडे द्रव धावतात, तो वाढतो, आणि ती वाढ पिल्लात उतरते. जिराफानं पाल्यासाठी मान ताणली, पोरांना लांब मान मिळाली. पाण्याचं पाइपातून धावणं ज्यानं जन्मभर पाहिलं त्याला हे न पटून कसं चालेल?

दुर्दैवानं पुस्तकाची शेवटची पानंही नव्हती. ती भजी बांधण्यात गेली असावीत. त्यामुळे आप्पांच्या घरी विज्ञान त्या प्राध्यापकापाशी येऊन थांबलं होतं.

सून चारुलता नंदुरबारच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. तिनं सासऱ्यांना हळूच सांगून पाहिलं की, आप्पा, तो प्राध्यापक मोठा होता, उत्क्रांतीचा विचार त्यानंच नीट मांडला, पण कमावलेलं पिल्लात उतरतं हे काही टिकलं नाही. पुढं एका जर्मन माणसानं उंदरांच्या शेपट्या पिढ्यान्‌पिढ्या कापल्या, तरी पिल्लं शेपटीसकटच येत राहिली. आप्पांनी चहा संपेपर्यंत विचार केला. मग म्हणाले, बेटा, त्या शेपट्या उंदरांनी स्वतः कापल्या का? जर्मनानं कापल्या. उंदराची त्यात मेहनत काय? सुनेला हसू आलं, आणि हसू आलं म्हणजे मुद्दा पटला असं आप्पांनी धरलं. आता मेहनत करणारा प्राणी हवा होता. तो गोठ्यात उभाच होता.

मोगरी ही घरची घोडी. नवनीतनं आपल्या लग्नात भाड्याच्या घोड्यावर बसणार नाही असा हट्ट धरला म्हणून ती आली. लग्नानंतर मुलगा आणि सून नंदुरबारला राहायला गेले, घोडी राहिली. आप्पांनी ठरवलं, मोगरीला ढोलावर नाचायला शिकवायचं. तिनं मेहनत केली की शिंगरू जन्मतःच नाचेल.

शिकवायला सारंगखेड्याचे वाहिदभाई आले. वाहिदभाई नालबंद, आणि लग्नाच्या घोड्यांना नाच शिकवण्यात त्यांचा हात धरणारा तापीच्या दोन्ही काठांना नाही. पायात घुंगरू, ढोलाचा ठेका, पाय उचलला की गुळाचा खडा. गूळ कौसाबाईंच्या डब्यातला. मोगरी इतकी तयार झाली की ढोल नसेल तर शेजारच्या पिठाच्या गिरणीच्या ठेक्यावर पाय टाकू लागली. पुढं तिच्यासाठी घोडा बघायची वेळ आली तेव्हा वाहिदभाईंनी एक नामांकित नाचणारा घोडा सुचवला. आप्पांनी साफ नाही म्हटलं. बाप नाचरा असेल तर पुरावा नासतो. मग शोधून शोधून एक असा घोडा आणला की ज्यानं आयुष्यात गरजेपेक्षा जास्त पाऊल उचललेलं नव्हतं. वाहिदभाई महिनाभर कोणाला तोंड दाखवत नव्हते.

आषाढात मोगरीला शिंगरू झालं. बदामी रंगाचं, पाय अंगापेक्षा मोठे. आप्पांनी ते टॉवेलनं पुसलं आणि पुसता पुसता त्याच्याशी असं काही बोलले, की जे यंत्राशी बोलायचं कारण नव्हतं. वाहिदभाई बघायला आले. त्यांनी शिंगराच्या तोंडावरून हात फिरवला आणि हात डाव्या डोळ्याखाली थांबला. तिथं केसांचा एक भोवरा होता.

सारंगखेड्याच्या बाजारात गिऱ्हाईक घोड्याचे दात नंतर बघतं, भोवरे आधी. आणि डोळ्याखालचा भोवरा म्हणजे आसूढाळ: असं जनावर ज्याच्या दारात, त्याच्या घरात डोळे कोरडे राहत नाहीत, असं सगळा खानदेश मानतो. वाहिदभाईंनी तो झाकायचा प्रयत्न केला, पण कौसाबाईंची नजर गॅसच्या टाकीत किती गॅस उरला ते बाहेरून ओळखते.

त्यांनी आरडाओरडा केला नाही. शिंगरू दूध पितं तोवर राहील, सारंगखेड्याच्या जत्रेला ते देऊन टाकायचं, एवढंच त्यांनी ठरवून टाकलं. आप्पांनी केसांचं सगळं शास्त्र सांगितलं: भोवरा म्हणजे केसांची दिशा, आपल्या सगळ्यांच्या टाळूवर तो असतोच. कौसाबाई म्हणाल्या, टाळूवर डोळा नसतो. त्यांना भीती वाटत होती, आणि ती खरी होती, हे आप्पांनाही दिसत होतं. मग त्यांनी सौदा मांडला. शिंगरू न शिकवता ढोलावर नाचलं तर जडवाद खरा. जडवाद खरा तर भोवरा खोटा. भोवरा खोटा तर शिंगरू घरी राहील. नाही नाचलं तर जत्रेच्या दिवशी आपण स्वतः त्याला नेऊन सोडू. कौसाबाई म्हणाल्या, "नाचनं तर ऱ्हाई. नही नाचनं तर मंग रडानं नही."

आता प्रयोग म्हटला की तो नीट व्हायला हवा. शिंगरानं परीक्षेपर्यंत ढोल ऐकायचा नाही आणि आईला नाचताना बघायचं नाही, नाहीतर ते बघून शिकलं असं जर्मन लोक म्हणतील. आप्पांनी मोगरीचे घुंगरू काढून ठेवले. पण गावाचे घुंगरू कोण काढणार? आमच्याकडे वाजवायला कारण लागत नाही; कोणी ट्रॅक्टर घेतला तरी वाजतं. आप्पा प्रत्येक घरी स्वतः जाऊन हात जोडत, म्हणजे जे देवळात कधी केलं नाही ते त्यांनी दारोदार केलं. पुढं तुळशीच्या लग्नानंतर वराती आमच्या गल्लीच्या तोंडाशी आल्या की बंद पडत आणि पलीकडच्या टोकाला पुन्हा सुरू होत. नवरदेवांना वाटे गल्लीत कोणी गेलंय.

तरी लांबचा आवाज यायचाच. म्हणून आप्पांनी शिंगराच्या कानात घरचा कापूस घातला. दोन्ही कानांतून पांढरी बोंडं बाहेर आलेलं ते शिंगरू अंगणात हिंडू लागलं तेव्हा रस्त्यानं जाणारी माणसं सायकलवरून उतरून बघत. धुडकू तात्यांनी विचारलं, की एवढा कापूस घातल्यावर आता त्याच्या पोराच्या कानात कापूस उगवेल का. आप्पांना हा प्रश्न थट्टेचा वाटला नाही. ते म्हणाले, बघू.

श्रावणात कानबाई, म्हणजे खानदेशची घरोघरची देवी, आली. रविवारी ती घरोघर बसते, नैवेद्याचे रोट होतात, आणि सोमवारी सगळ्या गावाच्या कानबाया वाजत-गाजत, नाचत, नदीकडे निघतात. त्या सोमवारी ढोलाशिवाय खानदेशात पान हलत नाही. पण बायकांनी आप्पांच्या शब्दाखातर, खरं तर कौसाबाईंच्या घराखातर, गल्लीत शिरताना ढोल थांबवला. इतकी मोठी मिरवणूक चपलांच्या आवाजात पुढं सरकली. कौसाबाई दारात ओवाळायचं ताट घेऊन उभ्या होत्या. ताटातला दिवा हलत नव्हता, पण त्यांचा चेहरा हलला. घरात येऊन त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि भोवऱ्याकडे बोट केलं. बघा, म्हणाल्या, रडवलं की नाही.

आप्पा अस्वस्थ झाले होते, पण तर्क सोडवेना. म्हणाले, पाण्याला कारण लागतं. कारण भोवरा नाही, कारण मी आहे.

"मंग भोवरा तुम्हनाच डोयाखाल शे," कौसाबाई म्हणाल्या.

याच महिन्यांत एक गोष्ट झाली, जी पुस्तकात नव्हती. शिंगरू आप्पांच्या मागं हिंडायला लागलं. आप्पा ओट्यावर गेले की ते ओट्याखाली. आप्पा दाढीला बसले की साबणाचा ब्रश पळवून न्यायचं. आप्पांनी त्याला नाव ठेवलं नव्हतं, कारण निकालाआधी नाव ठेवणं पक्षपाताचं होईल. पण रोज सकाळी ते कापूस बदलताना त्याच्या कपाळाला कपाळ लावून उभे राहत. हे कशासाठी, असं विचारलं तर म्हणत, उष्णता तपासतोय. चारुलतानं हे पाहिलं आणि नवऱ्याला म्हणाली, शिंगरू गेलं तर आप्पा जेवायचे नाहीत.

मार्गशीर्षात सारंगखेड्याला तंबू पडायला लागले. जत्रेच्या आधीच्या रविवारी आप्पांच्या खळ्यात परीक्षा ठरली. गाव लोटलं. पोरांनी मोबाइल वर धरले. वाहिदभाई सारंगखेड्याची गर्दी सोडून आले, सोबत त्यांच्या मंडळींनी, सकीनाबींनी, शिंगरासाठी बांधून दिलेलं गाजर. मोगरी गोठ्यात, दार लावलेलं. कौसाबाई भिंतीला टेकून, हाताची घडी. आप्पांनी शिंगराच्या कानांतला कापूस काढला, दोन वेळा, कारण पहिल्यांदा थोडा राहिला होता. मग सुकलाल ढोलवाल्याला मान हलवून खूण केली.

ढोल वाजला. शिंगराचे कान ताठ झाले, डोळे मोठे झाले, आणि ते आप्पांच्या पाठीमागं जाऊन लपलं. सुकलालनं जोर वाढवला. शिंगरानं आप्पांचा सदरा तोंडात धरला. त्याच वेळी गोठ्यात काहीतरी मोडल्याचा आवाज झाला. मोगरीनं इतक्या महिन्यांनी ढोल ऐकला होता. ती दाराची कडी उचकटून, दावं फरफटवत खळ्यात आली आणि सुकलालसमोर उभी राहून नाचू लागली. काय नाचली म्हणता. घुंगरू नव्हते, पण पावलं अशी पडत होती की ते ऐकू आले.

शिंगरानं आई पाहिली आणि ते धावलं. आई डावीकडे, शिंगरू डावीकडे. आई मागं, शिंगरू मागं. आईनं पाय उचलला, यानं मान खाली घातली, पुन्हा वर केली, पुढचे दोन्ही पाय आपटले. एका तालात, ठेका न चुकता. बघणाऱ्यांना क्षणभर काय चाललंय कळलं नाही, आणि मग कोणीतरी ओरडलं, नाचनं. सगळं खळं नाचनं नाचनं म्हणायला लागलं. टोप्या उडाल्या. व्हिडिओ ढोल थांबायच्या आत नंदुरबारला पोचला. धुडकू तात्या जडवादी झाले.

वाहिदभाई पुढं आले. त्यांचा शब्द घोड्यांच्या बाबतीत शेवटचा. त्यांनी शिंगराकडे पाहिलं, आप्पांकडे पाहिलं आणि जमिनीकडे बघत म्हणाले, "हाऊ नाचच शे, आप्पा." चारुलता विज्ञानाची शिक्षिका; तिलाही काय ते दिसत होतं, पण ती त्या वेळी कडब्याच्या गंजीकडे फार लक्ष देऊन बघत होती.

कौसाबाई भिंतीपासून पुढं आल्या. त्यांनी कोणाकडे न बघता आप्पांना विचारलं, "तुम्ही सांगा. नाचनं का?"

हो म्हणायला आप्पांना फक्त मान हलवायची होती. शिंगरू राहिलं असतं, सिद्धांत राहिला असता, आणि पॅरिसच्या त्या म्हाताऱ्याला रनाळ्यात न्याय मिळाला असता. आप्पांनी सुकलालला वाजवत राहा म्हणून सांगितलं, मोगरीचं दावं धरून तिला गोठ्यात नेऊन बांधलं आणि परत आले. ढोल जोरात चालू होता. शिंगरू खळ्याच्या मधोमध उभं होतं, ओठाला दुधाचा फेस. त्यानं एक पाय उचलला, सगळ्यांनी श्वास रोखला, आणि त्या पायानं त्यानं कान खाजवला. मग ते सुकलालकडे गेलं आणि ढोलाची दोरी चघळू लागलं.

आप्पांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "नही नाचनं," ते म्हणाले. "दूध पी ऱ्हायनं व्हतं. मन्हं चुकनं."

वाहिदभाई तोंड फिरवून गाजर सोलत बसले, गाजर न सोलता द्यायचं असतं तरी. आप्पांनी गोठ्याच्या खुंटीवरची दोरी काढली आणि वाहिदभाईंना म्हणाले, आता आलाच आहात तर जत्रेची वाट कशाला बघायची, आजच घेऊन जाऊ. दोरी शिंगराच्या गळ्यात घालायला त्यांनी हात पुढं केला. शिंगराला तो रोजचा खेळ वाटला. त्यानं कपाळ पुढं केलं.

"थांबा," कौसाबाई म्हणाल्या. "काय सांगं तुम्ही आते?"

आप्पांना वाटलं ढोलात ऐकू गेलं नसेल. त्यांनी पुन्हा सांगितलं, की मन्हं चुकनं.

कौसाबाईंनी सुकलालला ढोल बंद करायला लावला आणि तिसऱ्यांदा म्हणायला सांगितलं. आप्पांनी तिसऱ्यांदा म्हटलं. मग कौसाबाई गावाकडे वळल्या. त्या आवाजात राग नव्हता, भीतीही नव्हती. मोठ्या दुकानात अचानक हवी ती साडी सापडावी तसा तो आवाज होता. लग्न होऊन या घरात आले, त्या म्हणाल्या, तेव्हापासून पंप जळाला तर वीजवाल्यांचं चुकलं, आमटी करपली तर गॅसचं चुकलं, बस गेली तर बसचं चुकलं. हा शब्द मी आज पहिल्यांदा ऐकते आहे.

"ज्या जनावरना पायगुणे ह्या माणूसना तोंडतून 'मन्हं चुकनं' निंघनं," त्यांनी सांगून टाकलं, "ते अपशकुनी कसं ऱ्हाई? यान्हापेक्षा शुभ जनावर सारंगखेडा मा भेटई का? हाई कोठेच जावाव नही."

त्यांनी आप्पांच्या हातातली दोरी काढून घेतली, पदराचं टोक ओलं केलं आणि शिंगराच्या ओठावरचा फेस पुसला. पुसता पुसता बोट त्या भोवऱ्यावरून गेलं. ते थांबलं नाही.

खळ्यात हसू फुटलं ते आवरेना. वाहिदभाईंनी ते सोललेलं गाजर स्वतःच खाऊन टाकलं. चारुलता कडब्याच्या गंजीकडून परत आली. आप्पा मात्र बेचैन होते. शिंगरू राहिलं हे बरं झालं, पण ज्या कारणानं राहिलं ते कारण त्यांना तर्कशुद्ध वाटत नव्हतं. ते कौसाबाईंच्या मागं मागं गोठ्यापर्यंत गेले आणि हळू आवाजात सांगू लागले, की पायगुण वगैरे काही नसतं, आणि शिवाय एका प्रयोगावरून सिद्धांत पूर्ण पडला असंही म्हणता येत नाही, कदाचित पुढच्या पिढीत—

"आज आखो काही बोलू नका," कौसाबाई म्हणाल्या. "चांगला दिन शे, तो खराब व्हई जाई."

शिंगरानं आप्पांची टोपी काढून घेतली होती, तीही त्यांनी परत मागितली नाही.